मुका टॅपेट आणि कानावरचे टायमिंग

मा. संपादक,
स.न.वि.वि.

होळी झाली की नागपुरात ऊन चढू लागते आणि वर्धा रोड, कामठी रोडच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या जुन्या गाड्या दिसू लागतात. कोणी रेडिएटरवर पाणी ओतत असतो, कोणी थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला देतो, कोणी पंखा बदलायला सांगतो. यातल्या बऱ्याच गाड्यांच्या रेडिएटरला काहीही झालेले नसते. दुखणे असते टॅपेटच्या फटीत (वॉल्व्ह आणि तो उघडणारा रॉकर यांच्यातल्या मोकळ्या जागेत) किंवा इग्निशनच्या टायमिंगमध्ये (ठिणगी पडण्याच्या वेळेत). या दोन्ही गोष्टी मोजून बसवायच्या असतात, आणि आपल्याकडे त्या सर्रास कानाने बसवल्या जातात. उन्हाळा तोंडावर असताना जुनी गाडी सांभाळणाऱ्या वाचकांना आणि गॅरेजमध्ये नव्याने हात काळे करणाऱ्या मुलांना उपयोग व्हावा म्हणून हे पत्र. थोडे लांबले आहे, पण अर्धवट सांगून हे काम जमत नाही.

पहिली गोष्ट टॅपेटच्या आवाजाची. गाडी गॅरेजला आली की मालकाची पहिली मागणी असते, "टॅपेट वाजतात, आवाज बंद करून द्या." मेकॅनिक टॅपेट आवळून देतो, आवाज बंद होतो, मालक खूश होऊन घरी जातो. इंजिनाचे नुकसान त्याच दिवशी सुरू होते.

वॉल्व्हची दांडी आणि रॉकर (तिला दाबून वॉल्व्ह उघडणारा दांडा) यांच्यामध्ये कागदाएवढी फट मुद्दाम ठेवलेली असते. इंजिन तापले की दांडी लांबते आणि ती लांबी या फटीत सामावते. फटच ठेवली नाही, तर लांबलेली दांडी रॉकरला टेकते आणि वॉल्व्ह आपल्या सीटवर, म्हणजे मिटताना टेकतो त्या कडेवर, पूर्ण बसत नाही. जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट वॉल्व्हच्या बाबतीत हे फार महागात पडते. चालत्या इंजिनात त्याचे तोंड ६००-७०० अंशांच्या वर तापते आणि त्यातली बहुतेक उष्णता सीटला टेकलेल्या क्षणांमध्येच हेडमध्ये निघून जाते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. त्या प्रत्येक वेळी केसाएवढी फट राहिली, तर त्यातून जळता वायू निसटतो, वॉल्व्हची कड एका जागी जळते आणि तिथे पाचर कापल्यासारखी खाच पडते. मग हेड खोलणे, नवा वॉल्व्ह, सीट कटिंग, लॅपिंग, गॅस्केट असा सगळा खर्च.

फट गरजेपेक्षा जास्त असेल तर काय होते? टकटक आवाज येतो, वॉल्व्ह थोडा उशिरा उघडतो, लवकर मिटतो, पिकअप जरा कमी होतो, रॉकरचे टोक झिजते. हेही चांगले नाही, पण यात वॉल्व्ह जळत नाही. म्हणून जुन्या मेकॅनिक मंडळींचे म्हणणे असते की वाजणारा टॅपेट परवडला, मुका टॅपेट नको. ते शब्दशः खरे आहे. पूर्वी वाजणारे इंजिन कोणी हात न लावता गप्प झाले असेल, तर त्याची जास्त काळजी करावी.

इंजिन आपोआप गप्प होते याचे कारण बहुतेकांना माहीत नसते. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. ते हवेच्या आणि मुलांच्या आरोग्याच्या दृष्टीने योग्यच झाले. पण जुन्या बिडाच्या हेडमध्ये सीट वेगळी बसवलेली नसते, बिडातच कापलेली असते. शिशाचा पातळ थर त्या मऊ सीटला उशीसारखा जपत असे. तो गेल्यावर एक्झॉस्ट वॉल्व्ह सीट ठोकत ठोकत हळूहळू हेडमध्ये आत रुततो. वॉल्व्ह आत गेला की दांडी वर येते आणि फट कमी होते. म्हणजे काळानुसार झिजून फट वाढते ही सर्वसाधारण समजूत अशा इंजिनाच्या एक्झॉस्ट वॉल्व्हबाबत उलटी ठरते. गॅसवर चालवलेल्या गाड्यांत हे आणखी लवकर होते, कारण एलपीजी आणि सीएनजी कोरडे जळतात. ज्यांचे हेड कधी ना कधी खोलावे लागणार आहे त्यांनी त्याच वेळी एक्झॉस्टला कडक धातूच्या सीट-रिंगा बसवून घ्याव्यात. त्यानंतर ही कटकट उरत नाही.

जळू लागलेला वॉल्व्ह ओळखण्याची एक साधी खूण आहे. इंजिन स्लोवर ठेवा आणि सायलेन्सरच्या तोंडापासून बोटभर अंतरावर कागदाची पट्टी सोडा. निरोगी इंजिन ती पट्टी एकसारखी बाहेर ढकलत राहते. एक्झॉस्ट वॉल्व्ह गळत असेल तर पट्टी मधूनच आत ओढली जाते, नळीच्या तोंडाला चिकटते, पुन्हा सुटते. कॉम्प्रेशन गेज लावून खात्री करता येतेच, पण ही चाचणी कोणालाही घरच्या अंगणात करता येते. आवळलेला इनटेक (मिश्रण आत घेणारा) वॉल्व्ह मात्र कार्ब्युरेटरमधून फुसफुसतो, तिकडून फटका मारतो.

आता प्रत्यक्ष काम. उदाहरण म्हणून अ‍ॅम्बेसेडरचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन घेऊ. नंतरच्या १८०० सीसी इसुझु इंजिनाची मांडणी वेगळी आहे, हे त्याला लागू नाही.

फट ०.०१५ इंच, कारखान्याच्या भाषेत १५ थाऊ, म्हणजे ०.३८ मिमी. इनटेकला आणि एक्झॉस्टला सारखीच. काम पहाटे करावे, गाडी रात्रभर उभी असताना. मे महिन्यात दुपारी ४५ अंशांत उभी असलेली गाडी, दोन तास बंद असली तरी थंड नसते. हेडला हात लावला तर चटका बसतो. त्या वेळी "थंड इंजिनाची फट" बसवली की ती चुकलीच म्हणून समजा. नागपूरकरांना उन्हाळ्यात थंड इंजिन हवे असेल तर सकाळी सहाच्या आतच ते मिळते.

आधी चारही प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने फिरते. इग्निशन कॉइलची जाड वायर सोडून बॉडीला अर्थ करून ठेवा. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असताना जवळ ठिणगी उडू देऊ नये. टॅपेट कव्हरचे दोन नट काढा. खालचे कॉर्कचे गॅस्केट चिकटले असेल तर पात्याने हळू सोडवा, फाटले तर नवे लावा, नाहीतर तेल मॅनिफोल्डवर गळते. पुढची पायरी बरेच जण विसरतात. रॉकर शाफ्टचे पाय हेडच्याच काही नटांनी धरलेले असतात, तेव्हा हेडचे नट टॉर्क रेंचने ४० पौंड-फुटाला आहेत का हे आधी तपासा. फट बसवून झाल्यावर हेड आवळले तर सगळी फट पुन्हा बदलते आणि सकाळ वाया जाते.

कोणता वॉल्व्ह कधी बसवायचा यासाठी नवाचा हिशेब आहे. रेडिएटरकडून मोजत वॉल्व्हना १ ते ८ आकडे द्या. जो वॉल्व्ह पूर्ण दाबला गेला असेल त्याचा आकडा ९ मधून वजा करा. उरेल तो वॉल्व्ह या क्षणी पूर्ण मोकळा असतो, तोच बसवा. ८ दाबलेला असेल तर १, ३ दाबलेला असेल तर ६, ५ दाबलेला असेल तर ४. यात टीडीसीची (पिस्टन अगदी वर असल्याची) खूण शोधत बसावे लागत नाही. १, ४, ५ आणि ८ हे एक्झॉस्ट आहेत, मधले जोडीजोडीने येणारे २, ३, ६, ७ हे इनटेक.

फट बदलण्याआधी ती मोजा आणि वहीत लिहा. यापेक्षा महत्त्वाची पायरी या सगळ्या कामात नाही, आणि जवळजवळ कोणी ती करत नाही. सात वॉल्व्ह १४-१५ थाऊवर सापडले आणि चार नंबरचा एक्झॉस्ट ६ थाऊवर, तर त्या सीटची झीज चालू आहे. पुढच्या तीन हजार किलोमीटरनंतर तोच वॉल्व्ह पुन्हा ६-७ वर आला तर वॉल्व्ह जळायच्या आत हेड खोलायला हवे, एवढे भाकीत तो आकडा करतो. न मोजता सगळे टॅपेट "एकसारखे" केले की ही खबर कायमची पुसली जाते.

रिंग पान्याने लॉक नट सैल करा, स्क्रू ड्रायव्हरने अ‍ॅडजस्टर फिरवा, फीलर गेजची (ठरावीक जाडीच्या पत्त्यांच्या जुडग्यातली) १५ ची पत्ती लोण्यातून सुरी जावी तशी हलक्या ओढीने सरकली पाहिजे. १६ ची आत जाता कामा नये. स्क्रू ड्रायव्हर जागेवर धरूनच लॉक नट आवळा. आवळताना अ‍ॅडजस्टर हमखास एक-दोन थाऊ फिरतो, म्हणून आवळल्यावर पत्ती पुन्हा घालून पाहा. हा दुसरा तपास गाळला की आठपैकी निम्मे टॅपेट चुकीचे राहतात.

आता ती जागा जिथे पत्ती खोटे बोलते. वर्षानुवर्षे चाललेल्या रॉकरचे टोक निरखून पाहा, बोटाच्या नखाने चाचपा. वॉल्व्हच्या दांडीएवढ्या रुंदीचा उथळ खड्डा लागेल. सपाट पत्ती त्या खड्ड्यावर पुलासारखी आडवी पडते. पत्तीवर १५ थाऊ भरले तरी खड्ड्यात शिरणाऱ्या दांडीला प्रत्यक्षात २०-२२ थाऊची फट मिळते आणि टॅपेट वाजतच राहतो. मेकॅनिकला वाटते फट जास्त राहिली, तो आणखी आवळतो. शेजारच्या न झिजलेल्या रॉकरलाही त्याच मापाने आवळतो आणि तिथे वॉल्व्ह टांगता राहतो. नागपुरातल्या अनेक अ‍ॅम्बेसेडर आणि जुन्या जीपगाड्यांचे वॉल्व्ह या एका खड्ड्यामुळे जळतात. रॉकरचे तोंड जाणकार ग्राइंडिंगवाल्याकडून घासून घ्यावे किंवा रॉकर बदलावा. तोवर वाजू द्यावा.

टायमिंगकडे वळण्याआधी एक घोळ मिटवू. "टायमिंग" या शब्दाने गॅरेजमध्ये दोन वेगळ्या गोष्टी म्हटल्या जातात. एक, क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) आणि कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा) यांची सांगड, जी चेन, गिअर किंवा बेल्टने जमवलेली असते. दुसरी, ठिणगी नेमकी कधी पडावी याची वेळ. डिस्ट्रिब्युटर (प्लगांना पाळीपाळीने ठिणगी पोचवणारा भाग) फिरवून दुसरी बदलते, पहिली बदलत नाही. मारुती ८०० मध्ये डिस्ट्रिब्युटर कॅमवरूनच फिरतो. तिथे बेल्टचा एक दात चुकला असेल आणि मेकॅनिकने डिस्ट्रिब्युटर फिरवून गाडी "आणली", तर ठिणगी जागेवर येते पण वॉल्व्ह चुकीच्या वेळीच उघडत राहतात. गाडी चालते, ओढत नाही. डिस्ट्रिब्युटर खाचेच्या अगदी टोकाला नेऊन आवळलेला दिसला तर आधी बेल्टच्या खुणा पाहाव्यात.

क्रम असा: पहिले टॅपेट, मग सीबी पॉइंटची (डिस्ट्रिब्युटरमधल्या, उघडताच ठिणगी पाडणाऱ्या जोडीची) फट, मग टायमिंग, शेवटी कार्ब्युरेटर. हा क्रम उलटा केला तर आधीचे काम बिघडते. पॉइंटची फट वाढली की पॉइंट लवकर उघडतो आणि ठिणगीही लवकर पडते, म्हणजे टायमिंग अ‍ॅडव्हान्स होते. फट कमी झाली की टायमिंग मागे पडते. नव्या पॉइंटची फायबरची टाच पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये भरभर झिजते, म्हणून पॉइंट बदलल्यावर पाचशे किलोमीटरनी पुन्हा पाहणे गरजेचे. कॅमवर ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. जास्त लावले तर उडून पॉइंटवर बसते आणि गाडी मिसिंग करू लागते.

अ‍ॅम्बेसेडरची पॉइंटची फट १४ ते १६ थाऊ, प्लगची २५ थाऊ. इथेही पत्ती फसवते. जुन्या पॉइंटच्या एका तोंडावर धातूचा टेंभा वाढलेला असतो आणि समोर खड्डा पडलेला असतो. पत्ती टेंभ्यावर अडते, खरी फट त्याहून मोठी असते. बारीक कानसीने दोन्ही तोंडे सपाट करा, स्वच्छ कापडाने पुसा, मगच मोजा. टेंभा फार लवकर वाढत असेल तर कंडेन्सर बदला. पॉइंटमागून पॉइंट बदलून काही होत नाही.

डिस्ट्रिब्युटर उघडलाच आहे तर आणखी तीन गोष्टी मिनिटभरात बघून घ्या. शाफ्ट आडवा हलवून पाहा. बुश झिजून शाफ्ट डुलत असेल तर फट प्रत्येक सिलिंडरला वेगळी पडते आणि कोणतेही टायमिंग टिकणार नाही, आधी बुश बदलावे लागते. रोटर बोटाने पिळून सोडा, स्प्रिंगने तो झटकन परत आला पाहिजे. अडकत असेल तर खालची वजने गंजली आहेत आणि रेस वाढवली तरी टायमिंग पुढे सरकत नाही. व्हॅक्यूमच्या नळीतून तोंडाने हवा ओढा, आतली प्लेट सरकली पाहिजे. हवा सरळ येत असेल तर पडदा फाटला आहे.

मग टायमिंग. महागडे काही लागत नाही, १२ व्होल्टचा एक छोटा बल्ब आणि दोन वायरी. एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या ज्या टर्मिनलवर कॉइलची बारीक वायर येते तिथे, दुसरी बॉडीला. एक नंबरचा सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणा, प्लगच्या भोकावर अंगठा धरला की हवा ढकलते ते कळते. पुलीची खाच गाडीच्या पुस्तिकेतल्या अंशाच्या खुणेवर आणा, नेहमीच्या फिरण्याच्या दिशेनेच. खूण पुढे गेली तर पाव फेरा मागे नेऊन पुन्हा पुढे या, म्हणजे चेनचा ढिलेपणा निघून जातो. रोटर एक नंबरच्या वायरीकडे पाहत असला पाहिजे. स्विच चालू करा. पॉइंट बंद असेपर्यंत बल्ब विझलेला राहतो. डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवा, बल्ब लागला तो क्षण पॉइंट उघडण्याचा, म्हणजेच ठिणगीचा. तिथेच क्लॅम्प आवळा. या इंजिनाचा रोटर घड्याळाच्या उलट फिरतो, त्यामुळे डिस्ट्रिब्युटर घड्याळाच्या दिशेने फिरवला की टायमिंग अ‍ॅडव्हान्स होते. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, वायरी लावताना तीही उलट्या दिशेनेच मोजायची. काम झाल्यावर हँडल मारून गाडी सुरू करणार असाल तर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, हँडलला वेढू नका. टायमिंग जास्त अ‍ॅडव्हान्स राहिले असेल तर हँडल उलटा फटका मारते आणि मनगट मोडते.

स्ट्रोब लाइट असेल तर उत्तमच. व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करा, पुलीच्या खुणेला खडूची रेघ ओढा, पुस्तिकेतल्या आरपीएमवर तपासा. ओढणीचे टोक, सैल बाही पंख्यापासून लांब ठेवा.

कानाने टायमिंग बसवण्याची रीत सर्वांना माहीत आहे. इंजिन चालू ठेवून डिस्ट्रिब्युटर फिरवत राहायचे, इंजिन सर्वात जोरात पळेल तिथून थोडे मागे घ्यायचे आणि आवळायचे. ही रीत का चुकते ते समजून घ्या. उभ्या गाडीत इंजिनावर भार नसतो. भार नसताना इंजिनाला बरेच जास्त अ‍ॅडव्हान्स चालते, आवडते सुद्धा. तीच गाडी चार माणसे बसवून रामटेकच्या गडावर चढवा. टॉप गिअरमध्ये ओझे पडले की इंजिनातून बांगड्या किणकिणल्यासारखा आवाज येतो. मालकाला वाटते पुन्हा टॅपेट वाजायला लागले. तो टॅपेट नव्हे, नॉकिंग आहे, पेट्रोल वेळेआधी भडकून पिस्टनच्या माथ्यावर घाव घालत असते. चढ संपला की आवाज थांबतो, हीच ओळख. टॅपेटचा आवाज सपाटीवर, चढावर, स्लोवर सारखाच येतो.

नॉकिंगला घाबरून टायमिंग फार मागे नेणे ही दुसरी चूक, आणि आपल्या शहरात हीच जास्त दिसते. ठिणगी उशिरा पडली की पेट्रोल पिस्टन ढकलण्याऐवजी एक्झॉस्टच्या वाटेवर जळत राहते. मॅनिफोल्ड लाल व्हायची वेळ येते, हेड तापते, एक्झॉस्ट वॉल्व्ह होरपळतो, अ‍ॅव्हरेज पडते आणि मे महिन्यात सीताबर्डीच्या सिग्नलला रेडिएटर उकळतो. मग रेडिएटर धुतला जातो, पंखा बदलला जातो, थर्मोस्टॅट फेकला जातो. गाडी तापते अशी तक्रार असेल तर रेडिएटरला हात लावण्याआधी दहा मिनिटे त्या बल्बला द्यावीत.

हल्ली प्रत्येक बिघाडाचे खापर २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर फोडले जाते. त्यात काही खरे आहे. इथेनॉल जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. कार्ब्युरेटरला ते कळत नाही, तो जुन्याच मापाने पेट्रोल देतो आणि मिश्रण हलके पडते. प्लगची चिनी माती खडूसारखी पांढरी दिसू लागली तर मेन जेटचा विचार करावा, आणि टॅपेटची फट नेहमीपेक्षा निम्म्या अंतराने तपासावी. पण नॉकिंगचे खापर इथेनॉलवर फोडता येत नाही. त्याचा ऑक्टेन जास्त असल्याने नॉकिंग उलट कमी व्हायला हवे. ते वाढले असेल तर टायमिंग किंवा पिस्टनवरचा कार्बन बघा. गॅस किटच्या गाडीत सीएनजी सावकाश जळतो म्हणून टायमिंग पुढे घेतलेले असते. तीच गाडी पेट्रोलवर घेतली की ती नॉक करणारच, तेव्हा बहुतेक वेळ कशावर चालवता ते मेकॅनिकला आधीच सांगा.

बाकीच्या गाड्यांचे थोडक्यात. मारुती ८०० ला थंड इंजिनावर ०.१५ मिमीच्या आसपास फट लागते. इथे दशांशचिन्हाने अनेकांना बुडवले आहे: ०.१५ मिमी आणि ०.०१५ इंच एक नव्हेत. ०.१५ मिमी म्हणजे जेमतेम ६ थाऊ. दोन्ही आकडे छापलेल्या फीलर गेजवर कोणती बाजू वाचतो आहोत ते बघूनच पत्ती निवडा. तीन सिलिंडर, फायरिंग ऑर्डर १-३-२, एका सिलिंडरचे झाले की क्रँक २४० अंश पुढे. जुन्या पेट्रोल जीपच्या हरिकेन इंजिनात इनटेक वॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये आहेत. इनटेकला १८ थाऊ, एक्झॉस्टला १६, टायमिंग टीडीसीच्या ५ अंश आधी. वरचे चार बसवून बाजूचे झाकण न उघडता जीप परत देणारे आहेत. जळतात ते खालचेच.

बिडाच्या सिलिंडरच्या जुन्या बुलेटला पत्ती लागतच नाही. इंजिन थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला, उजव्या बाजूचे टॅपेटचे झाकण उघडा. पुशरॉड दोन बोटांत धरून गोल फिरला पाहिजे, वर-खाली मात्र जराही हलता कामा नये. फिरताना अडखळला तर घट्ट, टकटकला तर सैल. ३५० सीसीच्या पॉइंटवाल्या बुलेटचे टायमिंग टीडीसीच्या ०.८ मिमी आधी, ऑटो अ‍ॅडव्हान्स मिटलेल्या स्थितीत. बल्ब नसला तरी बुलेटला अ‍ॅमीटर आहे. स्विच चालू ठेवून इंजिन हळू फिरवा, पॉइंट बंद असताना काटा डिस्चार्जकडे कललेला असतो आणि पॉइंट उघडला की टचकन शून्यावर येतो. प्लगच्या भोकातून सायकलची तार घालून मिलिमीटर मोजणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की ती तार तिरपी जाते, माप थोडे चुकते.

सीडी १०० च्या घराण्यातल्या शंभर सीसी हिरो होंडांना ०.०५ मिमी, म्हणजे हे पत्र ज्या कागदावर छापले जाईल त्यापेक्षाही बारीक फट. डाव्या बाजूच्या दोन टोप्या काढून मॅग्नेटवरची टी खूण जागेवर आणा. एफ खूण ठिणगीची आहे, तिच्यावर टॅपेट बसवू नका. दोन्ही रॉकर हलले नाहीत तर एक पूर्ण फेरा आणखी द्या. ही पत्ती लवकर दुमडते. दुमडलेली पत्ती जाड मोजते, ती फेकून नवी घ्या. या गाड्यांना सीडीआय (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन) असल्याने इग्निशन टायमिंग बसवण्याची सोयच नाही. त्या कामाचे पैसे कोणी मागत असेल तर नेमके काय केले ते विचारावे. आणि दोन-स्ट्रोकच्या चेतकला वॉल्व्हच नाहीत, तिचे टॅपेट आवळून देतो म्हणणाऱ्याकडे स्कूटर सोडू नये.

जुन्या डिझेल जीप, टेम्पो आणि ट्रॅक्टरला ठिणगी नाही, पण टॅपेट तेच आणि टायमिंग पंपाचे. पंप काढून परत बसवताना खूण चुकली की थंडीत पांढरा धूर किंवा जोराची खटखट येते. ते काम नळीतून टपकणारे डिझेल थेंब थेंब मोजून होते आणि पंपवाल्याकडूनच करून घ्यावे.

शेवटी दोन कागदांबद्दल. पीयूसीची पावती आपण खिशात घालतो, वाचत नाही. तिच्यावर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (हायड्रोकार्बन, म्हणजे न जळालेले पेट्रोल) असे दोन आकडे असतात. सीओ जास्त असेल तर मिश्रण जड आहे, कार्ब्युरेटर बघा. सीओ ठीक आणि एचसी चढलेला असेल तर पेट्रोल न जळताच बाहेर पडते आहे: मिसिंग, प्लग, पॉइंट किंवा गळणारा एक्झॉस्ट वॉल्व्ह. कार्ब्युरेटरचा स्क्रू आवळून अशा गाडीची पीयूसी काढली जाते आणि महिनाभराने वॉल्व्ह जळतो. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणाला नेण्याच्या गाडीचा हा एचसीचा आकडा तर आधी पाहिलाच पाहिजे.

दुसरा कागद गॅरेजच्या बिलाचा. त्यावर "ट्यूनिंग" एवढा एकच शब्द आणि रक्कम असते. शहरातल्या गॅरेजवाल्यांना विनंती आहे की त्याखाली पाच गोष्टी लिहाव्यात: प्रत्येक वॉल्व्हची सापडलेली फट, ठेवलेली फट, पॉइंटची फट, टायमिंगचे अंश, आणि त्या दिवशीचे किलोमीटर. मालकांनीही ते मागावे आणि "आवाज बंद करा" ऐवजी "फट मोजून सांगा" म्हणावे. लिहायला दोन मिनिटे लागतात, आणि पुढच्या वेळी गाडी दुसऱ्या कोणाच्या हाती गेली तरी चार नंबरचा एक्झॉस्ट मागच्या वेळी किती होता हे त्याला कळते.

कळावे,
आपला,
जुन्या इंजिनांची कामे करणारा एक वाचक,
महाल, नागपूर